भाकरीत जे नसतं

फोन आला तेव्हा मी सिन्नरच्या शाळेत वर्गावर होते. "शैला गेली गं..." एवढंच दादा म्हणाले. शैलाताई म्हणजे दादांची बायको, माझी मोठी जाऊ. इंदिरानगरच्या घरात आम्ही दोघींनी लग्नापासून एकाच ओट्यावर स्वयंपाक केला. भेटायला येणाऱ्यांत नात्यातले एक मामा होते. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "जन्मभर लोकांना जीवनसत्त्वं शिकवली बिचारीने, स्वतःला साठी काही दिसली नाही." सुतकाच्या घरात भांडू नये म्हणून मी गप्प बसले. आता महिना उलटलाय, आता बोलते. बिचारी ती कधीच नव्हती.

ती आहारतज्ज्ञ होती. ज्या खासगी दवाखान्यात ती काम करायची, तिथे एक दिवस वरून फर्मान आलं, की प्रत्येक पेशंटला ताकदीच्या पावडरीचा डबा लिहायचाच. "ज्याला गरज आहे त्याला लिहीन, बाकीच्यांनी घरचं खावं," असं सांगून ती नोकरी सोडून आली. घरात थोडी कुरकुर झाली, पण खरं भांडण पेटलं ते पुढे, सासूबाईंच्या पायांवरून. त्यांच्या तळपायांना मुंग्या यायच्या, चालताना तोल जायचा, गॅसवर दूध ठेवून त्या विसरून जायच्या. आम्ही सगळ्यांनी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं होतं. दादांनी तर त्यांना जिना उतरायचीच बंदी केली. शैलाताई एकटी अडून बसली. "वय झालं हे काही निदान नाही. रक्त तपासा." तपासलं, तर बी-१२ पार तळाला गेलेलं. आमचं घर पूर्ण शाकाहारी, त्यातून सासूबाई स्वतः दूध-दही तोंडाला लावत नसत. त्या खवळल्याच.

"म्हणजे माझ्या भाकरीत खोट काढतेस?"

"भाकरीत खोट नाही, आई. भाकरीत ते नसतंच. भाजीत नसतं, डाळीतही नसतं. दूध-दह्यात असतं, अंडी-मासळीत असतं. अन् डॉक्टर म्हणतात, तुमच्या पोटात ते धड शोषलंही जात नाही. सुई घ्यावी लागेल."

"ती सुई कशापासून करतात, ते आधी सांग."

"सांगते. तुम्हाला चालायचंय का नाही, ते आधी तुम्ही सांगा."

सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाही वर करून बसल्या. मुंग्या हळूहळू कमी झाल्या, पाय जमिनीवर नीट पडू लागले. आणखी उशीर झाला असता तर नसा सुधारल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. शैलाताईने दादांकडे नुसतं पाहिलं... जिन्यावरची बंदी त्याच दिवशी उठली.

नोकरी सुटल्यावर ती एका संस्थेबरोबर बाजाराच्या दिवशी हरसूलला, आदिवासी भागात, आहाराचा सल्ला द्यायला जायची. एकदा मीही गेले होते. एक म्हातारी चार-पाच वर्षांच्या नातीला घेऊन आली. पोरीला गोवर येऊन गेला होता आणि तेव्हापासून तिला निव्वळ पेजेवर ठेवलं होतं. "सांज झाली का हिला दिसत नाय, बाय. बाहेरचं काय तरी लागलंय." शैलाताईने तिला शास्त्र समजावत बसण्याऐवजी दोघींना संस्थेच्या जीपमध्ये घातलं आणि थेट आरोग्य केंद्रात नेऊन पोरीला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजायला लावला. मग म्हातारीला म्हणाली, "आता परसातलं अळू, शेवग्याचा पाला, पिकली पपई खाऊ घाला. पाल्यात तेल घाला, तेलाशिवाय हे अंगी लागत नाही."

"गोवराच्या पोरीला तेल?"

"गोवर गेला, आजी. पथ्य तेवढं राहिलंय."

पुढच्या बाजारालाही मी तिच्याबरोबर गेले. ती पोर दिवेलागणीला कोंबडीमागे पळताना आम्ही पाहिली. शैलाताई जीपमध्ये बसून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

तिला स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तेव्हाही ती रडली नाही. मग घरी रांग लागली. कुणी गव्हांकुराचा रस आणला, कुणी म्हणालं केमो सोडा आणि गाजर-बिटावर राहा, कुणी 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बरणीच पाठवली. ती उशीला टेकून सगळ्यांना एकच सांगायची : "जे कमी पडतं ते भरून काढायला जीवनसत्त्वं असतात. माझं काही कमी पडलेलं नाही. नको ते वाढलंय." केमो तिने शेवटपर्यंत घेतली, दहीभात चवीने खाल्ला. तेव्हा मामा, ऐका. तिने कुणालाही अमरपट्टा लिहून दिला नव्हता. जिवंत आहोत तोवर माणसाने स्वतःच्या पायांवर चालावं आणि दिवेलागणीनंतरही त्याला दिसावं, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तेवढं तिने करून दाखवलं.

सासूबाईंच्या महिन्याच्या सुईची तारीख तेराव्यानंतर लगेचच आली. आजवर शैलाताईच त्यांना न्यायची. दादा म्हणाले, "आई, नर्सला घरी बोलावतो." सासूबाई तोवर चपला घालून दारात उभ्या होत्या. मी घाईने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "सरक. तिने मला चालती केलीय, धरून न्यायला नाही." कठड्याला हात लावत त्या जिना उतरल्या, फाटकाबाहेर पडल्या आणि मागे न बघता दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या. त्यांना गाठायला मलाच पाय उचलावे लागले.