काहीच झालेलं नाही

चष्म्याच्या दुकानात ती बारा वर्षं नजर तपासायची. तक्त्यावरची शेवटची ओळ अंदाजाने वाचणारं गिऱ्हाईक तिला लगेच कळायचं. "ठोकून देऊ नका हो," ती हसत दटावायची, "डोळे तुमचेच आहेत."

पहिलं मूल घरात सांगायच्या आधीच गेलं. क्युरेटिंग झालं आणि मग पाळीच आली नाही. वर्षभर ती गप्प राहिली. शेवटी नवरा तिला लांबच्या दवाखान्यात घेऊन गेला. गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटल्या होत्या. दुर्बिणीतून त्या दोनदा सोडवाव्या लागल्या. सासूबाईंना सांगितलं, पित्ताचे खडे काढले.

"दिवस राहिले तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सांगाच," तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "बाळाची वार गर्भाशयात आत रुतून बसू शकते."

दिवस राहिले. घराजवळच्या इस्पितळात तिघं नाव घालायला गेली, तेव्हा सासूबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या.

"याआधी गर्भाशयाचं काही ऑपरेशन, क्युरेटिंग?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, काहीच झालेलं नाही," ती म्हणाली. नवरा जमिनीकडे बघत राहिला.

पुढच्या वेळी एकटीने येऊन सांगू, असं ती प्रत्येक तपासणीला ठरवायची. पण आता सांगितलं तर खोटारडी ठरणार, म्हणून आजचं उद्यावर जायचं.

आठव्या महिन्यात दुकानातच रक्तस्राव सुरू झाला. पोट उघडून मुलगी काढली, पण वार सुटेना, रक्त थांबेना. डॉक्टर बाहेर आले. "काही लपवलंय का? खरं सांगा!" नवऱ्याने आईसमोरच सगळं सांगून टाकलं. गर्भाशय काढावं लागलं. सहा बाटल्या रक्त चढलं, त्यातली एक नणंदेने दिलेली.

डॉक्टर नंतर रागावलेही नाहीत. "आधी कळतं, तर रक्ताची तयारी ठेवली असती," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या, असं तिला झालं.

सासूबाई उशाशी बसल्या होत्या. "माझी भीती वाटली का गं?"

"लाज वाटली."

"मग म्हणायचंस ना, जरा बाहेर बसा म्हणून. चहा पिऊन आले असते मी."



मुलगी सोळा दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आली. आता चांगली धडधाकट आहे, शाळेत जाते. नणंद येते, भाचीला मांडीवर घेते, मागचा विषय कधी काढत नाही. पण ती दारात दिसली की हिची मान अजूनही खाली जाते.