मढं कोण उचलणार?

गारगोटीहून मामींचा फोन आला तेव्हा मी उचगावात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलरवाल्याला जागा दाखवत होते. "मामा गेलं गं..." एवढंच त्या बोलल्या. सोलरवाल्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगून मी गाडी काढली.

त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी मी मामांकडे तक्ता घेऊन गेले होते. सोसायटीच्या बैठकीत कोणती वीज चांगली यावर वाद झाला, की मला असा तक्ता लागतोच. कोळसा, पाणी, वारा, साखर कारखान्यातलं उसाचं चिपाड, ऊन; पुढे खर्च, धूर, आयुष्य. मामांची सगळी नोकरी धरणाखालच्या वीजघरात गेलेली, म्हणून पाण्याला मी आधीच पहिला नंबर देऊन टाकला होता. मामांनी चष्मा चढवला. "ह्यात समदं जित्तेपणीचं लिवलंयस. मेल्यावर मढं कोण उचलणार, ते कुटं हाय?"

मग ते एकेकाला धरत गेले. कोळशाची राख. पवनचक्कीची पाती, जी भंगारवालाही घेत नाही. चिपाड फुकटचं म्हणावं तर, "ऊस पाणी पितोय की!" पॅनेलच्या फुटक्या काचा.

मी वैतागले. "मग काय कंदील लावायचा, मामा?"

"तसं न्हाय गं. राख डोंगराएवढी, काचा टोपलीभर. सोलरच घे. पर इचारून घे."

"आणि पाण्याचं मढं?"

मामांनी चष्मा उतरवला. त्यांचं गाव त्याच धरणात गेलं. धरणग्रस्त म्हणून नोकरी मिळाली ती त्याच पाण्यावर. "ते तळाला हाय," ते म्हणाले. "धूर न्हाय, राख न्हाय. चांगलीच वीज केली आमी. केली न्हवं?"

आतून मामी कडाडल्या, "गाव बुडवून पगार खाल्ला, आन आता पोरीला शानपण शिकवत्यात!"

"मग दुसरं कोण शिकवणार?" मामा हसले. मीही हसले, आणि त्यांच्या 'केली न्हवं?'ला उत्तर द्यायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात सोलरवाला आला, तेव्हा जुनी पॅनेलं परत नेण्याचं मी त्याच्याकडून लिहून घेतलं. परवा मामींकडे गेले होते. दिवेलागणीला त्यांनी बटण दाबलं आणि हात जोडले, पण देव्हाऱ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून. मामा रोज असंच करायचे म्हणे.

"तिकडं काय आहे, मामी?"

"त्यांचं गाव. लाइट लागली की सांगायचं असतंय त्या गावाला... पोचली म्हणून."

मीही हात जोडले.