मागून श्वास घेणारी मोटार

काका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजवर टकटक करायचे. मग दारावर, मग गॅस सिलिंडरवर. बोट वाकवून दोन ठोके आणि मान तिरकी. "आधी वाजवून बघावं," म्हणायचे. "रंग काय, कुणीही चढवतो."

तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल, नोकरी सुटली तरी सवय न सुटलेलं. काका विमा कंपनीत अपघातातल्या गाड्या तपासायचे. बदल्या होत होत जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिलक नगरात आमच्याच वरच्या मजल्यावर राहिले. आयुष्यभर गाड्यांवर 'टोटल लॉस' असा शेरा मारला. माझे पोहे कोरडे झाले तरी तोच शेरा. मी बँकेत साधी अधिकारी, पण मला ते मॅनेजरबाई म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आणि या माणसाने म्हातारपणी भंगाराच्या भावात एक मोटार उचलून आणली. शेखावाटीतल्या कुठल्याशा गोठ्यात चाऱ्याखाली सापडलेली. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे. बनवणारी कंपनी इतकी लहान, की चार-दोन वर्षांत गाशा गुंडाळून मोकळी. पुस्तक नाही, सुटे भाग नाहीत. मुरलीपुऱ्यातल्या एका मिस्त्रीजींच्या शेडमध्ये ती उभी केली.

दर रविवारी मी काकांना स्कूटरवर मागे बसवून तिथे न्यायचे. त्यांचा उजवा कान गेला होता आणि डावाही चालला होता. डॉक्टरांनी त्या कानाला वर्षभराची मुदत दिली होती.

"तो जायच्या आत हिचा आवाज ऐकायचाय," काका एकदाच म्हणाले. झालं, माझी रविवारची झोप तेव्हापासून गेली ती गेलीच.

होळीपर्यंत इंजिन बांधून झालं. पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पडत होती, तरी गाडी हूं की चूं करेना. इंजिन चालू करायचा पुढचा दांडा फिरवून मिस्त्रीजी घामाघूम. एव्हाना काकांशी कानात ओरडूनच बोलावं लागे.

शेवटी एका रविवारी मिस्त्रीजींनी गाडीची पूजा केली. बॉनेटला हार घातला, उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या मागे सायलेन्सरच्या तोंडाशी वाहिल्या आणि दांडा फिरवला. मी बघते तर पाकळ्या नळीच्या आत. धूर सोडायची जागा, आणि ती पाकळ्या गिळत होती.

"काका, ही मागून श्वास घेतेय," मी त्यांच्या कानात ओरडले.

काका थबकले. मूळ दांडा हरवला होता, नवा मिस्त्रीजींनी घडवला होता, इंजिनात अडकणाऱ्या दातांसकट. "मिस्त्रीजी, दाँते किसके देखके काटे थे?"

"जीप के, साहब. सब एक ही तरफ घूमते हैं," मिस्त्रीजी त्यांच्या कानाशी ओरडले.

ही बया उलटी फिरणारी होती आणि आम्ही तिला जीपसारखी फिरवत होतो, म्हणून ती धुराच्या नळीतून हवा आत ओढत होती. काका शेडमध्ये मटकन खाली बसले आणि हसत सुटले. "या दांड्याला मीच हो म्हटलं होतं. जन्मभर लोकांच्या चुका लिहिल्या, आता माझी कोण लिहिणार?"

दांड्याचे दात उलटे कापले, ठिणगीची वेळ नव्याने लावली. पुढच्या रविवारी तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडाडलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी त्या वयात, साडीत, चक्क नाचले. मग काकांकडे पाहिलं.

"नुसती घरघर येतेय," ते म्हणाले. "वेगळं काही कळत नाही."

मिस्त्रीजी उठले. त्यांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि लाकडी मूठ काकांपुढे धरून ते कानात ओरडले. "दाँत में दबाइए, साहब. पिताजी ऐसे ही सुनते थे."

काकांनी मूठ दातात धरली, डोळे मिटले. टोक एकेका सिलिंडरवर सरकत गेलं, तसं काकांचं एकेक बोट वर झालं. चार सिलिंडर, चार बोटं.

"चारही बोलतायत," ते म्हणाले. मी तिथेच रडले.

वर्षभरात काका पुण्याला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, पण त्यांना ऐकूच येत नसे, त्यामुळे शेवटचं बोलणं राहिलं ते राहिलंच. गाडी मिस्त्रीजींकडे आहे, पेचकस माझ्याकडे. फ्रिज कुरकुरायला लागला की मी टोक त्याला टेकवते आणि मूठ दातात धरते. मुठीवरच्या काकांच्या दातांच्या खुणांत माझे दात बसत नाहीत, पण ऐकू येतं.