फुंकरआत्या आणि गार थेंब

फुंकरआत्याची पापणी लवत नसे. ऊसतोडीच्या टोळीत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की ती त्याची हनुवटी धरून टक लावून बघायची, पदराच्या टोकानं कुसळ टिपायची आणि हलकी फुंकर मारायची. "रडतो काय बाप्या? कुसळ गेलंय, मुसळ न्हाई!" टोळीत तिचं खरं नाव कुणी घेत नसे.

शेवगावात माझं औषधांचं दुकान होतं. लाल डोळ्यांवर मी स्टिरॉइडचे थेंब देत असे. लाली लगेच ओसरायची, म्हणून लोक त्यांना 'गार थेंब' म्हणत. डॉक्टरची चिठ्ठी मी क्वचितच मागितली.

एका हंगामात आत्याच्याच उजव्या डोळ्याला उसाची पात लागली. "अण्णा, दुसऱ्याचा डोळा फुकता येतो, सोताचा कसा फुकू? सूनबाईला दिल्ते तेच गार थेंब दे." मी दिले. दोन दिवसांनी टेम्पोतूनच ओरडली, "गार पडलं बघ!"

आठव्या दिवशी आली तेव्हा बुबुळावर फूल पडलं होतं. पांढरं, पिसासारख्या कडांचं. पातीवरची बुरशी डोळ्यात रुजते आणि स्टिरॉइड तिला खतपाणी घालतं, हे मी शिकलो होतो. तसाच तिला घेऊन नगर गाठलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "अवघड आहे. या बुरशीला जे औषध मारतं ते डोळ्यात खोल झिरपत नाही. जे झिरपतं, त्याला ही दाद देत नाही." ते बुबुळावरचा थर खरवडायचे, मग दर तासाला बुरशीवरचे थेंब. ते मीच घालायचो. रोज सकाळी बॅटरीच्या उजेडात फूल वाढलेलं दिसायचं.

"आधी कुणी थेंब दिले होते का?" डॉक्टरांनी विचारलं. बाटली माझ्या खिशात होती. मी खिशावर हात दाबून धरला.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "कुनी न्हाई, सायेब. मीच पदरानं पुसला."

बाहेर आल्यावर म्हणाली, "थरथरतो कशापायी रं? तुझं दुकान बंद झालं तर आमी औशीद कुठनं आनायचं?"

बुरशी आत उतरली. डोळा काढावा लागला.

पुढं टोळीत बोलणं पसरलं, की आत्याच्या घाणेरड्या पदरानंच तिचा डोळा खाल्ला. मग तिच्याकडे डोळा दाखवायला कुणी येईना. फडात कुणाच्या डोळ्यात काही गेलं की ती सवयीनं उठायची आणि ते माणूस तोंड फिरवायचं. ती पुन्हा खाली बसायची. हे लोक मला दुकानात येऊन सांगत, आणि मी मान डोलवत असे.

यंदा आत्या गेली. दहाव्याला एकानं पुन्हा पदराची गोष्ट काढली. तिची सून खाली मान घालून ऐकत होती. मी म्हातारा झालो, दुकान केव्हाच विकलं, तरी उठून बोलायची छाती झाली नाही. म्हणून लिहितो. तिच्या पदरानं काही केलं नाही. थेंब मी दिले होते, तिच्या डोळ्यात एकदाही न बघता.