तुराट्यांचा आडोसा

आमच्या गावात कापूस वेचायला जाणारी बाई वावरात पाणी पीत नाही. हा नियम कुणी तोंडानं सांगत नाही, पण नव्या सुनेला तो दोन दिवसांत कळतो. फुलसावंगीपासून थोडं आत आमचं वावर. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची गडीमाणसं, मधे कंबरेएवढी कापसाची पऱ्हाटी. अशात बाईनं लघवीला जायचं कुठं? म्हणून सकाळी निघताना चहाचे दोन घोट आणि संध्याकाळी घरी परतल्यावर तांब्याभर पाणी. मी तर यात सगळ्यांच्या पुढे. सासूबाई बायांना सांगत, "आमची सून उंटावानी हाये," आणि मी ओटीत कापूस कोंबत फुशारत असे. आता सांगताना लाज वाटते, पण फुशारत होते.

पहिल्या खेपेला सातवा महिना लागला तेव्हा वेचणी ऐन भरात होती. लघवीला जळजळ व्हायची. 'उन्हाळी लागली' म्हणून सासूबाईंनी धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं. कंबर दुखायची, पण वाकून वेचणाऱ्या कोणत्या बाईची दुखत नाही? मग एका दुपारी पोट आवळून यायला लागलं. सुटायचं, थोड्या वेळानं पुन्हा आवळायचं. गॅस असेल असं समजून मी हातातली पात, म्हणजे वेचायला घेतलेली ओळ, पुरी केली. त्या पातीचा मला अजून राग येतो.

दवाखान्यात नेलं, सातव्यातच मुलगा झाला. माझ्या नवऱ्याच्या एका तळहातावर मावेल एवढा. अकरा दिवस काचेच्या पेटीत होता. मला बाहेरून बघू देत, एकदा बोट लावू दिलं, त्यानं ते धरलं. बाराव्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो.

गावाला कारणं लगेच सापडली. मी बैलाचं दावं ओलांडलं होतं, तिन्हीसांजेला चिंचेखालून गेले होते, कुणाची तरी नजर लागली होती. मी दोन महिने ऐकून घेतलं. मग एक दिवस डोकं फिरलं आणि पिशवीत सगळे कागद घालून मी एकटीच एसटीनं उमरखेडला गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकेक कागद नीट वाचला. लघवीत जंतू झाले होते, म्हणाल्या. मग विचारलं, "दिवसभर पाणी किती पिता?" मी सवयीनं मान ताठ करून सांगितलं, "वावरात एक घोटही नाही." त्यांनी पेन खाली ठेवला.

"असं का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी लघवीच्या तपासणीचा कागद पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. लवकर बाळंत होण्याची कारणं पुष्कळ असतात, कधी कधी कारण सापडतच नाही. पण पाणी न प्यायल्यानं, लघवी दाबून धरल्यानं हे जंतू वाढतात, आणि त्यांच्यामुळे कळा लवकर येऊ शकतात. एवढं तरी आपल्या हातात आहे ना?" त्यांनी बजावलं, पुढचं मूल दीड-दोन वर्षं थांबून, दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात यायचं, दर वेळी लघवी तपासायची, आणि पोट राहून राहून आवळलं, पाणी किंवा रक्त गेलं तर घरी बसून वाट बघायची नाही. मी सगळं पाठ केलं. परतीच्या एसटीत माझं एकच ठरलं होतं. पुढचं मूल मी नवव्या महिन्यापर्यंत नेणार, कुणी हसो नाहीतर रडो.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. वेचणी सुरू व्हायच्या आधी मी घरात सांगून टाकलं, "मी झेपेल तेवढंच वेचीन आणि वावरात पाणी पिईन. धुऱ्यावर आडोसा बांधायचा आहे."

सासूबाई उखडल्या. "चाळीस वर्स वेचलं आमी. आमाले नाही लागला आडोसा. लोकं हासतीन ना वं!"

"हासू द्या, आई. नातू दाखवल्यावर तेच पेढे खातील."

मागच्या वर्षीच्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, गोठ्यामागे रचलेल्या होत्या. नवऱ्यानं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चार बल्ल्या रोवल्या, मी तुराट्या बांधल्या, दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. पहिल्या दिवशी बाया इतक्या हसल्या की वेचणी थांबली. "महाल बांधला वं पाटलिणीनं!" मी पाण्याचा जार उघडला, सगळ्यांच्या देखत दोन गिलास पाणी प्यायले आणि ताठ मानेनं महालात गेले. तिसऱ्या दिवशी शेजारची एक बाई हळूच विचारती झाली, "मी जाऊ काय एकडाव?" आठवड्यात जार दुपारीच रिकामा व्हायला लागला. सासूबाई मात्र त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

सहाव्या महिन्यात तपासणीत पुन्हा जंतू निघाले. या वेळी जळजळ नव्हती, काहीच नव्हतं, तपासलं नसतं तर कळलंही नसतं. सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. "चांगली तं दिसून राह्यली, मंग कायले खाऊन राह्यली गोया?" असं सासूबाई रोज विचारत आणि मी त्यांच्या समोरच गोळी गिळत असे. आठव्यात एका सकाळी पोट आवळलं. चूल तशीच सोडून ऑटोनं उमरखेड गाठलं. दोन दिवस ठेवून घेतलं, आवळणं थांबलं. लवकर आलात हे बरं केलंत, असं सिस्टर म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

नववा महिना पुरा झाला. मुलगी झाली, भरल्या अंगाची, आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली.

दवाखान्यातच, नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "माये बी दोन गेलते. दोनी सातव्यातच. वेचणीतच. कोणाले सांगतलं नाही म्या." मग हळू आवाजात, "पाणी न पेल्यानंच गेले असतीन काय वं?"

मला खोटं बोलवेना. "माहीत नाही, आई. डॉक्टरीणबाई म्हणतात, कधी कारण सापडतच नाही. पण तुमची चूक नव्हती. तुम्हाला जायला जागा कुठं होती?"

त्यांनी पोरीचं टोपडं उगीच सारखं केलं.

पुढच्या वेचणीला मी पोरीला घेऊन जरा उशिरा वावरात पोचले. आडोसा आधीच उभा होता, तुराट्या माझ्यापेक्षा गच्च बांधलेल्या. सासूबाई जारजवळ उभ्या राहून बायांना दटावत होत्या, "आंदी पाणी पे, मंग ओटी बांध." सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी स्वतः गिलास भरला, एका दमात रिकामा केला, आणखी एक भरून प्यायल्या. दुपारी कुणाकडेही न बघता त्या पात अर्धी सोडून धुऱ्याकडे निघाल्या आणि पडदा सारून आत गेल्या.