पाइपाचं अस्तर

नळाच्या सामानाच्या त्या दुकानात काउंटरमागे बसणाऱ्या बाईला सगळे प्लंबर 'वहिनी' म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा तिला एल्बो कशाला म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. नवरा फिरतीच्या नोकरीवर आणि सासऱ्यांची नजर अधू झालेली. तेव्हा खोक्यांवरची अक्षरं तेवढी वाचून दाखव म्हणून सासऱ्यांनी तिला दुकानात नेलं, ती सोळा वर्षं तिथंच रमली. पितळ ओळखायला त्यांनीच शिकवलं. आधी तळहातावर घेऊन वजन बघायचं. मग आट्यांवरून नख फिरवायचं, कुठं अडखळतंय का ते पाहायचं. चकाकीकडे अगदी शेवटी बघायचं. "चकाकी काय, लग्नाच्या दिवशी सगळेच चकाकतात," असं म्हणून ते खोकला येईपर्यंत हसत.

एका सकाळी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती, म्हणजे शिवणकाम अर्धवट टाकून आलेले. त्यांनी काउंटरवर एक खाकी कागद पसरला. त्यावर खडूनं रस्त्यातली मोठी लाइन, फाटक, अंगण आणि घराची भिंत काढलेली होती. अंतरं इंचात, तीही अर्ध्या-पाव इंचापर्यंत मोजलेली. जुनी लोखंडी लाइन गंजून आतून बुजली होती आणि रस्त्यापासून घरापर्यंत नवी टाकायची होती. प्लंबरनं सांगितलं होतं की पाइप आणि खोदाई माझ्याकडे लागली, पितळी सामान तुम्ही आणा. शिंपीकाका म्हणाले, "फिटिंग म्हणजे तसा माझाच धंदा हो, पण हे फिटिंग मला कळत नाही."

वहिनीला हसू आलं, आणि माणूस आवडला.

तिनं त्यांना घाईनं काही विकलं नाही. ड्रॉवरमधून एक जुना एल्बो, पाइप वळवायचा कोपरासारखा जोड, काढून त्यांच्या हातावर ठेवला. कुणाच्या तरी अंगणातून उपसून आणलेला तो तुकडा तांबूस पडला होता आणि नखानं टोकरला की भुगा पडायचा. तिनं समजावलं की स्वस्त पितळातलं जस्त खारट मातीत हळूहळू निघून जातं आणि मागं उरतं ते नुसतं पोकळ हाड. पिण्याच्या पाण्याचं सामान असेल तर पितळात मिसळलेल्या शिशाचाही विचार करावा लागतो. शिंपीकाकांनी तो तुकडा उजेडात धरून कसर लागलेल्या कापडासारखा न्याहाळला.

पुढचे तीन दिवस ते रोज येत राहिले. फाटकाजवळची पाणी बंद-चालू करायची चावी गोल मुठीची घ्यावी की दांड्याची, यावर त्यांनी अर्धा तास घालवला. दांड्याची घेतली तर आजारी माणसालाही फिरवता येईल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा वहिनीनं घरी कोण आजारी आहे ते विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. पक्षाघातानं बायकोचा डावा पाय गेला होता. ती वरच्या खोलीत असायची. बुजलेल्या लाइनमधून पाणी वर चढत नव्हतं, म्हणून काका वर्षभर चौदा पायऱ्या बादल्या वाहत होते. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात पाणीच नाही. काकांना कळेना, तांब्या तर रोज भरून ठेवतो. शेवटी तिनंच कबूल केलं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ती दिवसाकाठी जेमतेम दोन पेले प्यायची आणि तांब्यातलं उरलेलं खिडकीतल्या कुंडीत ओतायची.

"रोप काय फोफावलंय म्हणून मी सांगतो," काका म्हणाले. "मी आपला तिचं कौतुक करत होतो."

त्या दिवशी वहिनीनं खोक्यातले सगळे जोड एकेक करून हातावर तोलले आणि त्यातले सर्वांत भारी वेगळे काढले. रस्त्यातल्या लाइनला बसवून घराकडे पाणी घ्यायचं फेरूल, फाटकाजवळची दांड्याची चावी, भिंतीशी वळणारा एल्बो आणि मीटरचे दोन जोड. प्रत्येक नट तिनं बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघितला. मग कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला.

लाइन पडली, पाणी वर चढलं, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी काका पुन्हा दारात उभे. तक्रार करायला आलेले दिसत नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. फाटकाजवळच्या जोडातून पाइप निसटला होता आणि अंगणात चिखल झाला होता. प्लंबर म्हणत होता, माल खराब आहे.

वहिनीचा चेहरा पडला. तिनं पाइप कुठला टाकला ते विचारलं. काळा, प्लास्टिकचा, असं उत्तर आलं. प्लास्टिकचा पाइप मऊ असतो. नट आवळला की तो आतल्या आत दबतो आणि पाण्याच्या जोरानं सुटतो. म्हणून त्याच्या तोंडात पितळेची एक पातळ नळी घालावी लागते, बोटाच्या पेराएवढी. ती नळी तिनं दिलीच नव्हती. प्लंबरनंही मागितली नव्हती, आणि सगळं त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी नुसती मान तिच्याकडे वळवली.

"माल चांगला आहे, काका," ती म्हणाली. "चूक माझी आहे. पाइप कुठला ते मी विचारायला हवं होतं."

तिनं नळ्यांची पुडी आणि नट आवळायचे दोन पाने घेतले, सासऱ्यांना दुकान बघायला सांगितलं आणि काकांबरोबर निघाली. इतक्या वर्षांत हजारो जोड तिच्या हातून गेले होते, पण जमिनीतला जोड तिनं कधी पाहिला नव्हता. प्लंबर दुसऱ्या कामावर अडकला होता. त्याची वाट न बघता बाह्या वर सारून ती स्वतःच खड्ड्यात उतरली. चिखल घोट्याच्या वर आला. पाइपाचं टोक तिनं सरळ कापलं, कडा साफ केली आणि नळी आत सरकवली. काका वाकून बघत होते.

"म्हणजे हे अस्तर," ते एकदम म्हणाले.

तिनं वर बघितलं. "अस्तरच. ते नसलं की बाहेरून कितीही आवळा, आत चुरगळतं."

"मग तुम्ही पहिल्याच दिवशी अस्तर म्हणायचं होतं. मीच मागून घेतलं असतं." आणि दोघंही हसायला लागले.

ती एवढ्यावर थांबली नाही. भिंतीजवळचा आणि मीटरचे दोन्ही जोडही उघडून तिनं त्यांत नळ्या घातल्या. नट किती आवळायचा हे मात्र तिला हातानं समजून घ्यावं लागलं. एकदा ढिला राहिला, थेंब आला, पुन्हा पाव फेरा दिला. मग चावी उघडून दोघं अर्धा तास कोरड्या जोडांकडे बघत बसले.

हात धुवायला म्हणून काका तिला वर घेऊन गेले. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. चिखलानं माखलेल्या वहिनीला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, दुकानदारीण आणलीत की खाणीतली कामगार?" मग वहिनीला हात धरून मोरीपर्यंत न्यायला सांगितलं. स्टुलावर बसून त्यांनी उजव्या हातानं नळ उघडला. आधी ओंजळ भरून प्यायल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही बाहेर जा. मला केस धुवायचे आहेत. माझे मीच धुणार."

वहिनी बाहेर आली, दार लोटून घेतलं. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. एरवी ही त्यांची दुसरी बादली वर आणायची वेळ. आतून पाण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. त्यांना हात कुठं ठेवावेत हे कळत नव्हतं. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर घेतले.

"बराच वेळ लावतेय," ते हळूच म्हणाले.

"लावू देत," वहिनी म्हणाली, आणि चिखलाचे पाय खालच्या पायरीवर ठेवून त्यांच्या शेजारी बसली.