मिलिंदचं ‘येसर’

मिलिंदच्या बायकोचा, ज्योतीचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला ऑफिसात होतो. “भावजी, हॉटेलात स्फोट झालाय… मिलिंद आतच होता.” तिसऱ्या दिवशी मिलिंद गेला. आता महिना उलटून गेलाय, पण त्याच्याबद्दल लिहिताना अजून ‘आहे’च लिहून जातो, मग खोडून ‘होता’ करतो.

आम्ही दोघं नाहूरच्या एकाच चाळीत वाढलो. तो आठवीत असताना त्याच्या आईच्या अंगावरून वारं गेलं. वडील कारखान्यात, बहिणी लहान. चूल मिलिंदकडे आली. आई खाटेवर पडल्या पडल्या नुसत्या वासावरून सांगायची, “अजून कच्चंय रे… आता उतरव, नाहीतर जळंल.” त्याला मोजमाप कुणी शिकवलंच नाही. तो नाकानंच स्वयंपाक शिकला. आम्ही मैदानात क्रिकेट खेळायचो तेव्हा हा घरात धने भाजत असायचा. कुणी चिडवलं तर म्हणायचा, “हसा लेको, जेवायला इथंच येणार ना!” आणि आम्ही जायचोच.

पुढे अंधेरीच्या मोठ्या हॉटेलांत त्यानं बरीच वर्षं काढली. तिथं तो पास्ता करायचा, पण डोक्यात आईची आमटीच असायची. शेवटी नोकरी सोडून नाहूर स्टेशनजवळ गाळा घेतला. नाव ठेवलं ‘येसर’. धान्य आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ त्यांच्या जालन्याकडच्या घरात आमटीला लावतात. आई तोवर गेली होती. उद्घाटनाच्या दिवशी पहिली वाटी त्यानं तिच्या फोटोपुढे ठेवली आणि मोरीत जाऊन रडला. हॉटेल झकास चालायला लागलं. रविवारी लोक बाहेर उभे राहायचे.

मग दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. ताप उतरला, पण त्यात वास येणं गेलं ते काही परत आलं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली… एकदा पातेल्यावर वाकून मला म्हणाला, “मटण शिजतंय ना? मला नुसती गरम वाफ लागते यार. आई दुसऱ्यांदा मेली माझी.” त्यानंतर ज्योतीच त्याचं नाक झाली. ती चव बघायची, वास घ्यायची, ‘उतरव’ म्हणायची. गिऱ्हाईकं म्हणायची, “चव तीच आहे हो!” ते ऐकलं की त्याचा चेहरा उतरायचा. ते खरं की खोटं, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

सकाळी शटर उघडलं की आधी ज्योती आत जायची. त्या दिवशी ती आजारी भावाकडे बोरिवलीला गेली होती. स्वयंपाकघरात गॅस कोंडला होता. मिलिंद आत गेला आणि त्यानं नेहमीसारखा लायटर दाबला.

हॉस्पिटलमध्ये सगळा पट्ट्यांत गुंडाळलेला होता. मला ओळखून त्यानं एवढंच विचारलं, “ज्योती आत नव्हती ना?”

“नव्हती रे,” मी म्हटलं. त्यानं डोळे मिटले.

ज्योती मात्र तेच धरून बसलीय. “मी असते तर मला वास आला असता.” खरंच आला असता.

परवा तिच्याकडे गेलो होतो. घरातला सिलिंडर तिनं परत देऊन टाकलाय, चहा विजेच्या शेगडीवर करते. कप माझ्या हातात देऊन बसली आणि लगेच उठली. “भावजी, कसला वास येतोय का हो?”

मी नाही म्हटलं. तरी तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि ओट्याशी जाऊन कितीतरी वेळ श्वास ओढत उभी राहिली…